रबराचं काकण

गुणो मेस्तच्या उजव्या मनगटात वर्षातून आठ-दहा वेळा एक काळं रबराचं कडं दिसायचं. होडीच्या डिझेल इंजिनाचं तेल बदलताना जुना फिल्टर काढतात, त्या फिल्टरच्या तोंडाशी बसवलेलं असतं ते हे रबर. गुणो मेस्त ते सोडवून घ्यायचा, जुन्या तेलाने माखलेलं तसंच मनगटात चढवायचा आणि मगच पुढच्या कामाला लागायचा. नवा फिल्टर बसला, नवं तेल पडलं, इंजिन चालू झालं, होडी पलीकडच्या काठाला लागून परत आली, की कडं निघायचं. तोवर तो अन्नाला शिवत नसे. कुणी पेज घेऊन आलं तरी मान हलवायचा. "काकण सुटलेबगर जेवण ना," म्हणायचा. लग्नात नवऱ्यामुलाच्या हातात बांधतात ते काकण त्याच्या डोक्यात असायचं. नवरामुलगा म्हणून त्याचं रूप अगदीच बेताचं होतं, ही गोष्ट वेगळी. बुटका, काळाकुळकुळीत, खाकी अर्धी चड्डी, डोक्याला पंचा आणि कानावर एक विडी. ती विडी इंजिनापासून वीस पावलं लांब गेल्याशिवाय तो पेटवत नसे.

त्या काकणाची सुरुवात आमच्याच होडीपासून झाली. ते सांगायचं म्हणूनच हे लिहायला बसले आहे, पण एकदम तिथे उडी मारायला मन धजत नाही. आधी तो माणूस सांगते.

आमचा वाडा शापोरा नदीच्या पेडण्याकडच्या काठावर. मी मूळची डिचोलीची, बाजारातल्या दुकानदाराची मुलगी. लग्न होऊन इथे आले तेव्हा होडीतलं मला एवढंच कळत होतं की ती बुडू शकते. सासऱ्यांच्या वेळेपासून घरात एक लाकडी होडी होती, तिला दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन. माझा नवरा सुहास वीज खात्यात नोकरी करायचा आणि सकाळ-संध्याकाळ होडी चालवायचा. माणसं, भाजीच्या पाट्या, कधी एखादी शेळी पलीकडे सोडायची. पुढे पूल झाला, पण पुलावरून पलीकडच्या वाड्यावर जायचं तर मोठा वळसा. होडीने दहा मिनिटांचं काम.

लग्न झालं त्याच महिन्यात मी गावच्या मराठी शाळेत लागले आणि सगळ्या वाड्याची 'टिचर' झाले. गुणो मेस्तही टिचरच म्हणायचा, आणि अहो-जाहो करायचा. वयाने माझ्या वडलांएवढा असून. त्याची माझी पहिली भेट झाली ती धक्क्यावर. मी सुहासचा डबा घेऊन गेले होते. होडीत वाकलेल्या एका माणसाने इंजिनातून तेल मोजायची एक लांब दांडी उपसली, तेलाचा थेंब बोटांवर घेतला, अंगठ्याने चोळला, नाकाशी नेला आणि मग ती दांडी सरळ माझ्यापुढे धरली. म्हणाला, वास घ्या. नवी नवरी होते, तोंडावर नाही कसं म्हणणार? घेतला. डोकं भणाणलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, मेस्त, हे तेल काळं पडलंय, म्हणजे खराबच झालं की.

तो हसला नाही. शाळेत मी मुलांना समजावते तसं त्याने मला समजावलं. "टिचर, तेल काळें जावंकूच जाय. काळें जालें म्हणजे तेणें काम केलें. इंजिनाची सगळी काजळी तेणें आपल्या आंगार घेतली. वर्सभर गोरें उरलें तें तेल आळशी."

हे वाक्य मी पुढे कितीतरी ठिकाणी वापरलं. शाळेच्या तपासणीला आलेल्या एका गोऱ्यापान, इस्त्रीच्या साहेबांकडे बघून ते माझ्या ओठांवर आलं होतं, ते मात्र मी गिळलं.

मेस्त तरुणपणी खनिजाच्या बार्जींवर होता. डिचोलीकडून खनिज भरायचं आणि मांडवीतून मुरगावला नेऊन मोठ्या जहाजात ओतायचं, अशा त्याच्या फेऱ्या. बार्जीच्या पोटात इंजिनापाशी त्याने अठरा वर्षं काढली. मग बाप अंथरुणाला खिळला म्हणून गावी आला तो आलाच. आमच्या काठावरच्या आणि पलीकडच्या मिळून आठ-दहा होड्या त्याच्या हाताखाली. इंजिन बिघडलं तर म्हापशाहून कुणीतरी यायचा, पण तेल बदलायला मात्र गुणो मेस्तच. त्याच्या मते इंजिन बिघडूच नये यातच खरी कारागिरी होती, आणि ती सगळी तेलात होती.

तेल बदलणं म्हणजे काय मोठं, असं मला वाटायचं. त्याचं सुरू झालं की अर्धा दिवस जायचा. आधी इंजिन दहा मिनिटं चालवून गरम करायचं, म्हणजे तेल पातळ होऊन सगळी घाण घेऊन निघतं. होडीत इंजिनाच्या बुडाशी हात पोचत नाही, म्हणून दांडीच्या नळीतून पितळी हातपंपाने तेल वर ओढायचं. तो पंप त्याने बार्जीवरून येताना आणलेला, चिंचेने घासून देवाच्या भांड्यासारखा ठेवलेला. ओढलेलं तेल डब्यात. डब्याखाली गोणपाट, गोणपाटाखाली आणखी एक गोणपाट. नदीत थेंब पडता कामा नये. "न्हंय म्हणजे आमची रांदपाची कूड," म्हणायचा. त्याची बायको शेवंती ओहोटीला नदीत उतरून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायची, तेव्हा स्वयंपाकघर म्हणण्यात काही अलंकार नव्हता. जुनं तेल तो वाड्यावर वाटून टाकायचा. गोठ्याच्या खांबांना लावलं की वाळवी लागत नाही.

एकदा पर्यटकांना फिरवणाऱ्या एका बोटवाल्याने बादलीभर जळकं तेल सरळ पाण्यात ओतलं. मेस्तने पाहिलं. भांडण वगैरे काही केलं नाही. चार दिवसांनी त्या माणसाला घरी जेवायला बोलावलं. तिसऱ्यांचं सुकं, उकडा भात, सोलकढी. त्या माणसाने दोनदा मागून खाल्लं. हात धुताना मेस्तने त्याला सांगितलं की तू तेल ओतलंस ना, तिथल्याच या तिसऱ्या. खरं तर शेवंतीने त्या लांब वरच्या अंगाहून आणल्या होत्या, पण बोटवाल्याची रात्र काही बरी गेली नाही म्हणतात. त्यानंतर तो जुन्या तेलाचा डबा मेस्तच्या दारात आणून ठेवायला लागला.

पावसाळ्यात काठावर ओढून ठेवलेल्या होड्या भाद्रपदात पाण्यात उतरल्या की पहिल्या तेलाला गाऱ्हाणं असायचं. देवळात गाऱ्हाणं घालतात तसंच, फक्त देवापुढे नव्हे, इंजिनापुढे. नारळ ठेवायचा, पंचा खांद्यावर घ्यायचा आणि डोळे मिटून सुरू व्हायचं. "बा देवा रवळनाथा, आज ह्या लेकराच्या इंजिनांत नवें तेल पडता, तें वर्सभर सांबाळ रे म्हाराजा." आम्ही धक्क्यावरून म्हणायचं, व्हय म्हाराजा. मग वाकडी नजर करणारे, उधार डिझेल मागणारे, पाण्यातले खडक, प्लॅस्टिकच्या पिशव्या, सगळ्यांची नावं घेऊन त्यांना दूर ठेवण्याची विनंती. व्हय म्हाराजा. मी शिकलेली बाई, पहिल्या वर्षी पदराआड हसले. तिसऱ्या वर्षी सगळ्यांत मोठा होकार माझा असायचा.

आता ते सांगते.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. दसरा होऊन गेला होता. आदल्या दिवशी दुपारी मेस्तने आमच्या होडीचं तेल बदललं होतं. पहाटे पलीकडून निरोप आला की सासूबाईंच्या भावाचं काही खरं नाही, बहिणीला घेऊन या. सासूबाईंना आम्ही सगळे आये म्हणतो. हा तिचा धाकटा भाऊ, पाठचा, तिने कडेवर खेळवलेला. आये आत लुगडं बदलायला गेली. सुहास अंगणात म्हणाला, रिक्षा बोलावतो, पुलावरून जाऊ. मी म्हटलं, रिक्षा येईपर्यंत आपण पोचू, कालच तेल बदललंय, इंजिन मस्त चालतंय, होडीच काढ. तो दोनदा म्हणाला रिक्षा. मी दोनदा म्हटलं होडी. शेवटी होडी निघाली.

नदीच्या मधोमध इंजिनाचा आवाज बदलला. खालून गरम तेल उसळून होडीच्या तळात पसरायला लागलं. सुहासने झटकन इंजिन बंद केलं म्हणून ते जाम तरी झालं नाही. पण ओहोटी लागलेली, होडी समुद्राच्या तोंडाकडे ओढायला लागली. नांगर टाकला. हाका मारून मारून माझा घसा बसला. आये फळीवर बसून होती, दोन्ही हातांत तुळशीच्या पाण्याचा गडू धरून. ती एकदाही ओरडली नाही, फक्त पलीकडच्या काठाकडे बघत राहिली. भावाचं घर आम्हाला तिथून दिसत होतं. दीड तासाने तिसऱ्या काढणाऱ्यांची एक होडी आली, तिने आम्हाला ओढून नेलं. आम्ही दारात पोचलो तेव्हा आतून रडणं ऐकू येत होतं. त्याने जाण्यापूर्वी बहीण पोचली का म्हणून दोनदा विचारलं म्हणे, बाय पावली?

आयेने तो गडू तिथल्या तुळशीत ओतला.

तिसऱ्या दिवशी आमच्या अंगणात माणसं बसायला आलेली असताना गुणो मेस्त आला. आदल्या दिवशी सुहासच्या सांगण्यावरून त्याने जाऊन होडी बघितली होती, एकटाच. आला तो सरळ आयेपुढे जाऊन उभा राहिला आणि मूठ उघडली. मुठीत रबराची दोन कडी होती, एक जुनं चपटलेलं, एक नवं फाटलेलं. "चूक म्हजी," तो म्हणाला. "पोरनें रबर इंजिनाक चिकटून उरलेलें. तें काडूंक विसरलों हांव. तशेंच नवें ताचेर चडयलें." जुन्या रबरावर नवं रबर बसलं की ते इंजिन नुसतं चालवून पाहिलं तर टिकतं, भर वेगात तेलाचा दाब वाढला की सरकतं. एवढं त्याने सगळ्यांदेखत, खाली न बघता सांगितलं. जुनं रबर खिशात टाकून फिल्टरच खोटा निघाला म्हणाला असता, तर आमच्यापैकी कुणाला काय कळणार होतं?

मी उठले. म्हटलं, "मेस्त, आजपासून आमच्या इंजिनाला हात लावायचा नाही."

तो "बरें" म्हणाला आणि गेला. रात्री आये मला एवढंच म्हणाली, "तेणें येवन सांगलें गो. ना जाल्यार कोणाक कळटालें?" माझं अंगणातलं बोलणं, होडीच काढ म्हटलेलं, ते कुणीच काढलं नव्हतं. सुहास त्या बाबतीत देवमाणूस, त्याने आजवर कधी काढलं नाही. आये आत होती, तिला ऐकू गेलं नसणार, असं मी धरून चालले. आणि ते तसंच राहावं म्हणून सगळा दोष त्या दोन रबरांवर ठेवून मी मोकळी झाले.

बोलण्याचा परिणाम काय होतो ते मास्तरणीला तरी कळायला हवं होतं. टिचरनी हात लावू दिला नाही म्हटल्यावर दोन्ही काठांनी त्याला बोलावणं सोडलं. एकेक होडी म्हापशाच्या मेकॅनिककडे गेली. गुणो मेस्त धक्क्यावर काजूच्या झाडाखाली बसून लोकांची जाळी विणून द्यायला लागला. पितळी पंप घरी खुंटीला. मी शाळेत जाताना रोज त्याच्यासमोरून जायची. तो उठून उभा राहायचा. मी मान वळवायची. वर्षभर हे चाललं.

पुढच्या वर्षी भाद्रपदात म्हापशाचा मेकॅनिक आज येतो, उद्या येतो करत आलाच नाही. सुहासला इंजिन चालवता येतं, उघडायचं म्हटलं की त्याच्या कपाळाला आठ्या. मी म्हटलं, मी करते. इंजिनाबरोबर आलेलं पुस्तक होतं, ते वाचलं. म्हापशाहून आणलेल्या हातपंपाने जुनं तेल ओढलं, फिल्टर बदलला, आणि नवं तेल ओतायला घेतलं. पुस्तकात दांडीवरच्या दोन खुणांमध्ये तेल हवं असं लिहिलं होतं. मला वाटलं, थोडं जास्त असलेलं बरं. आमटीला पाणी वाढवावं तसं मी तोंडापर्यंत तेल वाढवलं. आणि इंजिन सुरू केलं.

पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट उठला. मागून आवाज आला, "टिचर, बंद करा. तेल चड जालें."

मेस्त धक्क्याच्या कडेला उभा होता. दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. मी इंजिन बंद केलं. खाली उतरायला मी त्याला सांगितलं नाही, आणि तो उतरलाही नाही. "हांव हात लावचों ना," तो म्हणाला. "तूं लाव, बाये. हांव हांगा बसून सांगतां." टिचरची बाये झाले, तुमीचं तूं झालं, ते त्या क्षणी. मला ते नंतर, घरी गेल्यावर लक्षात आलं.

तो कडेला बसला, हात तसेच पाठीशी. पंप लाव. तीन वेळा ओढ. आता थांब, तेलाला खाली बसू दे. दांडी पूस. परत घाल. सरळ काढ, घाई करू नको. दुपारभर त्याने मला तोंडाने काम करायला शिकवलं, आणि त्याची बोटं पाठीमागे एकमेकांत वळवळत असणार, हे मला न बघताही कळत होतं. शेवटी त्याने विचारलं, "पोरनें रबर खंय?"

मला माहीत नव्हतं. मी बघितलंच नव्हतं. वर्षभर ज्या रबरासाठी मी त्या माणसाचं तोंड बघितलं नाही, ते माझ्या लक्षातसुद्धा राहिलं नव्हतं. नवा फिल्टर परत काढला. इंजिनाला काही चिकटलेलं नव्हतं. गोणपाटावर जुना फिल्टर पडला होता, रबर त्याच्याच तोंडाशी होतं. नशिबाने निघालं होतं, माझ्या हुशारीने नव्हे. मी ते सोडवून घेतलं.

"हातांत घाल तें," तो म्हणाला. "काकणाभाशेन. होडी वचून येयसर काडूं नाका. मागीर विसरपाक जायना."

वर्षभर काजूच्या झाडाखाली बसून त्याने विचार करून करून शोधलेला उपाय तो. वापरायला इंजिन नव्हतं, म्हणून पहिलं काकण माझ्या हातात पडलं. मी आणि सुहास पलीकडे जाऊन आलो. आलो तेव्हा तो तिथेच बसला होता. मी म्हटलं, मेस्त, पुढच्या खेपेपासून तुम्ही या. आणखी काहीतरी सांगायचं होतं. पण तो इतका खूश झाला, उठून विडी पेटवायला वीस पावलं लांब गेला, आणि माझं राहून गेलं.

आमच्या होडीवर त्याला पाहिल्यावर बाकीच्या होड्याही परत आल्या. मग दहा वर्षं पुन्हा तोच पितळी पंप, तीच गोणपाटं, तेच गाऱ्हाणं. गाऱ्हाण्यात फक्त एका ओळीची भर पडली. खडक आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या झाल्या की तो आवाज खाली घेऊन म्हणायचा, "आनी ह्या गुण्याक विसर पाडूं नाका रे म्हाराजा." त्या ओळीला व्हय म्हाराजा म्हणताना माझा आवाज दर वर्षी फुटायचा.

आणखी एक गोष्ट त्याने सोडली नाही. आमच्या होडीत उतरला की इंजिनाला हात लावण्याआधी मान वर करून विचारायचा, "हात लावूं?" दहा वर्षं, प्रत्येक वेळी. मी म्हणायची, अहो मेस्त, किती वेळा सांगू, विचारत जाऊ नका. तो म्हणायचा बरं, आणि पुढच्या खेपेला परत विचारायचा. टोमणा नव्हता तो. त्याला टोमणे मारता येत नसत. मी एकदा काढलेला हुकूम त्याच्या लेखी मीच दर वेळी उठवायला हवा होता. त्याने मला लाजवावं म्हणून नाही विचारलं, पण मी लाजायची.

खाणी बंद पडून बार्जी नदीकाठाला बांधल्या गेल्या, तेव्हा एकदा तो आपली जुनी बार्ज बघायला गेला होता. आल्यावर शेवंतीने विचारलं तर म्हणाला, इंजिनाची दांडी काढून बघितली, तेलाचं डांबर झालंय. एवढं एखाद्याचं मूल वाया गेल्यासारखं सांगितलं. मोपाचा विमानतळ झाल्यावर आमच्या डोक्यावरून विमानं जायला लागली. मेस्त हातातलं काम थांबवून वर बघायचा आणि काळजीने म्हणायचा, यांचं तेल कोण बदलत असेल? बदलणाऱ्याने जेवायच्या आधी सगळं तपासलं असेल ना?

गेल्या दोन वर्षांत त्याचे हात थरथरायला लागले. फिल्टर धरला की निसटायचा. मागच्या भाद्रपदात तो होडीत उतरलाच नाही. धक्क्याच्या कडेला बसला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले, अगदी त्या दिवसासारखे. "तूं लाव, बाये," म्हणाला. मी लावलं. रबर काढून मनगटात घातलं तेव्हा त्याने वाकून ते नीट बघितलं. पलीकडे जाऊन आले, काकण काढलं, त्याच्या हातावर ठेवलं. तो म्हणाला, आता मी नसलो तरी चालेल. मी म्हटलं, उगाच काहीतरी बोलू नका. तेव्हा तरी मी ते सांगायला हवं होतं. समोर तो बसलेला, नदी भरतीची, कुणी ऐकणारं नाही. मी त्याला विचारलं, पेज आणू का?

यंदा श्रावणात गुणो मेस्त गेला. झोपेतच. होड्या काठावर होत्या, एकही इंजिन चालू नव्हतं. शेवंती म्हणाली, कुणाची खोटी करून गेला नाही.

तेरावं झाल्यावर ती आमच्याकडे आली. पितळी पंप घेऊन. बरोबर सुतळीत ओवलेली काकणं, दहा वर्षांची, सगळ्या होड्यांची, भलामोठा हारच झाला होता त्यांचा. आणि एका वेगळ्या फडक्यात बांधलेली दोन रबरं. एक जुनं चपटलेलं, एक नवं फाटलेलं. देवाच्या फळीवर ठेवलेली असायची, ती म्हणाली, रोज हात जोडताना त्यांच्याकडेही बघायचा. टिचरकडे दे म्हणून सांगून ठेवलं होतं.

त्याने आपली चूक तिसऱ्या दिवशी चारचौघांत मूठ उघडून दाखवली आणि उरलेली सगळी वर्षं डोळ्यांपुढे ठेवली. माझी मी अकरा वर्षं मिटलेल्या मुठीत ठेवली होती, आणि जिच्यासाठी उघडायची ती आये नव्वदीला आली होती.

गेल्या आठवड्यात होडी पाण्यात उतरली. गाऱ्हाणं मीच घातलं. बाईने गाऱ्हाणं घातल्याचं वाड्याने पहिल्यांदा ऐकलं असेल, पण होकार द्यायला कुणी कमी पडलं नाही. गुण्याच्या जागी माझं नाव घातलं. तेल बदललं, रबर मनगटात चढवलं, पलीकडे जाऊन आले. इंजिन छान चाललं. परत आले तरी काकण काढलं नाही. तशीच घरी गेले.

आये खिडकीशी खाटेवर बसली होती. तिला आता नीटसं दिसत नाही. मी तिच्या पायाशी बसले आणि सांगितलं. मामाकडे जायच्या दिवशी सुहास रिक्षा म्हणत होता, होडी मी काढायला लावली. दोनदा. मेस्तकडून रबर राहिलं हे खरं, पण रस्त्याने गेलो असतो तर तू पोचली असतीस. हे मी कुणाला सांगितलं नाही. त्यालाही नाही सांगितलं, आये, आणि तो गेला.

तिने अंगणाकडच्या उघड्या खिडकीकडे हात केला. "हें जनेल उकतेंच आसलें गो त्या दिसा," ती म्हणाली. "आयकलेलें हांवें."

मला रडू फुटलं. तिने चाचपडत माझा हात धरला, तेव्हा तिची बोटं मनगटातल्या रबराला लागली. तेलाने चिकट झालेलं ते कडं तिने जरा फिरवून बघितलं.

"होडी आयली मगे परत?" तिने विचारलं. मी हो म्हटलं.

"मागीर काकण काड आनी जेव."